एसएसडी दिसतच नाही! ब्रँडेड डेस्कटॉपवर लिनक्स टाकताना काय चुकतंय?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११.०५

नमस्कार मंडळी. दोन रात्री घालवल्या, आता शरण आलोय.

२०२० च्या टाळेबंदीत मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी ब्रँडेड डेस्कटॉप घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण डीलर आमच्याच गल्लीत राहतो आणि त्यालाही असले धागे वाचायची सवय आहे. आय-फाइव्ह, दहावी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (तिच्यावर विंडोज) आणि १ टीबीची साधी हार्डडिस्क. हार्डडिस्कवर घरचे सगळे फोटो, मुलीच्या बारशापासूनचे. आधी विंडोज १० होतं, नंतर ११ झालं.

मुलगी आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला लिनक्स लागतं. म्हटलं विंडोज राहू दे, शेजारी मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकू. पेनड्राइव्ह केला, एफ१२ दाबून त्याच्यावरून मशीन चालू केलं. मिंट झकास उघडलं. वायफाय लागलं, आवाज आला, पडदा स्वच्छ. मग 'इन्स्टॉल'वर गेलो आणि गाडी अडली. सगळ्या व्हिडिओंत 'विंडोजच्या शेजारी टाका' असा पर्याय दाखवतात, तो माझ्याकडे येतच नाही. मला सांगतंय की या कॉम्प्युटरवर एकही ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही! पर्याय दोनच : 'डिस्क पुसून मिंट टाका' आणि 'दुसरं काहीतरी'. डिस्कच्या यादीत नाव एकच, १ टीबी. एसएसडी औषधालाही नाही. आणि तिच्याचवरून विंडोज रोज सकाळी सुरू होतंय.

एसएसडी गेली कुठे? आणि मी सरळ 'डिस्क पुसून टाका' केलं तर नेमकं काय पुसलं जाईल?

चंपाकळी | शनिवार, रात्री ११.१२

नेमकं काय पुसलं जाईल ते आधी विचारलंत, तिथेच निम्मी लढाई जिंकलात. बाकीचे पुसून झाल्यावर विचारतात.

पंत_सोलापूरकर | शनिवार, रात्री ११.१९

काका, हात काढा त्या माउसवरून!!

तुमच्या यादीत एकच डिस्क दिसतेय ना? मग पुसली जाईल तीच. म्हणजे बारशाचे फोटो. विंडोजला धक्काही लागणार नाही, कारण ते ज्या डिस्कवर आहे ती इन्स्टॉलरला दिसतच नाही.

मी हे केलंय म्हणून सांगतो. २०१६ ची गोष्ट. मलाही वाटलं होतं की 'डिस्क' म्हणजे आपलं सी ड्राइव्ह असणार. माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीचे फोटो होते. नंतर फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमने रात्रभर खरवडून अकराएक हजार फायली परत मिळाल्या. पण तो प्रोग्रॅम जुनी नावं परत देत नाही, सगळ्यांना नुसते आकडे. एका फोल्डरमध्ये मातृभोजन, त्याच्या शेजारी कुठल्यातरी वेबसाइटचा बारका लोगो, मग पुन्हा भिक्षावळ अर्धीच, खालचा भाग करडा. आई अजून विचारते, मामाचा तो फोटो कुठाय.

बॅकअप घ्या. मग पुढचं.

हार्डवेअरवाला | शनिवार, रात्री ११.३०

लातूरला दुकान आहे माझं, रोजचे चार मशीन हाताखालून जातात. एसएसडीचा स्क्रू ढिला झाला की अशी गायब होते. कॅबिनेट उघडा, एसएसडी काढा, कनेक्टरवर साधं खोडरबर फिरवा, परत बसवा.

भटक्या_पेंग्विन | शनिवार, रात्री ११.४१

@हार्डवेअरवाला, दादा, रबर रॅमला ठीक. पण इथे त्याच एसएसडीवरून विंडोज रोज सुरू होतंय, म्हणजे ती जागच्या जागी नीट आहे. कॅबिनेट उघडू नका.

कृष्णाकाठ, मला जवळपास खात्री आहे की हे काय आहे, पण आधी पुरावा बघू. पेनड्राइव्हवरून पुन्हा मिंट चालू करा. टर्मिनल उघडा. 'सुडो' लिहून एक जागा सोडा आणि मग डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं. एंटर. धबधब्यासारखा मजकूर येईल, घाबरू नका. त्यात 'रीमॅप्ड' हा शब्द शोधा. सापडला तर अख्खी ओळ इथे टाका.

मोरपंखी | शनिवार, रात्री ११.५८

एक विचारू का? हा सगळा उपद्व्याप कशासाठी? मी गेली बारा वर्षं याच धंद्यात आहे, ऑफिसात सर्व्हर सगळे लिनक्सचे, तरी घरच्या मशीनवर विंडोजच. मुलीला फोर्क, सेमाफोर, शेल स्क्रिप्टच करायचंय ना? विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल टाका. एका कमांडचं काम, उबुंटू (हेही एक लिनक्सच) विंडोजच्या आतच उघडतं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तर खरोखरचं लिनक्स कर्नल चालतं. डिस्क विभागायची नाही, बायोसला (मशीन सुरू होताना आधी चालणारा, बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) हात नाही, फोटोंना धोका नाही.

भटक्या_पेंग्विन | रविवार, रात्री १२.०९

मोरपंखी यांचं म्हणणं चूक नाही, हे मीच कबूल करतो. नुसत्या प्रॅक्टिकलसाठी डब्ल्यूएसएल पुरेल. पण ८ जीबी रॅममध्ये विंडोज, त्यात ब्राउझर, त्याच्या पोटात लिनक्स म्हणजे एकादशीच्या घरी शिवरात्र. आणि ज्या विषयात बूट म्हणजे काय ते शिकायचं, त्यात एकदा स्वतः बूट करताना अडकणं हेही प्रॅक्टिकलच.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९.२५

सगळ्यांचे आभार. पंत, तुमचा प्रतिसाद रात्री बायकोला वाचून दाखवला. तिने मला आता कॉम्प्युटरच्या खोलीत एकट्याने जायला बंदी केली आहे.

भटक्या, ओळ सापडली! मोबाइलवरून लिहितोय, जशी दिसली तशी देवनागरीत उतरवतो : "फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस." आणि लगेच खाली : "स्विच युवर बायोस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम."

म्हणजे एवढे दिवस ते बिचारं स्वतःच सांगत होतं?

मोरपंखी, लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, खरं पाहिजे, खिडकीतलं नको."

चंपाकळी | रविवार, सकाळी ९.३१

"खिडकीतलं नको" :) पोरगी हुशार आहे, विंडोजचं मराठी करून मोकळी झाली.

भटक्या_पेंग्विन | रविवार, सकाळी १०.१५

झालं, चोर सापडला. आता नीट सांगतो, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणीतरी घेऊन येतं.

बऱ्याच ब्रँडेड मशीनच्या बायोसमध्ये डिस्कचा कारभार कारखान्यातूनच 'रेड' पद्धतीवर लावून येतो. खरं तर रेड म्हणजे दोन-चार डिस्क जोडून एक करणं. तुमच्याकडे असं काहीही जोडलेलं नाही, तरी सेटिंग तसंच. त्यामागे इंटेलचं रॅपिड स्टोरेज नावाचं तंत्र आहे. साध्या हार्डडिस्कला ऑप्टेन मेमरीची जोड देऊन वेग वाढवायचा, वगैरे सोयी त्यातून मिळायच्या. ऑप्टेनचा धंदा इंटेलने २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला, पण बायोसमधली ही पद्धत मागे राहिली.

तुमच्या पिढीच्या मशीनवर या पद्धतीत एनव्हीएमई एसएसडी स्वतःच्या नावाने समोर येत नाही, साटा कंट्रोलरच्या (साध्या हार्डडिस्कचा कारभार बघणारा भाग) मागे दडते. वाड्यात मागच्या खोलीत भाडेकरू असतो ना, दिंडीदरवाजावर पाटी मालकाचीच, तसं. विंडोजकडे इंटेलचा ड्रायव्हर आहे, म्हणजे ओळखीचा पोस्टमन, तो बोळातून मागे जाऊन पत्र देतो. लिनक्स दारावरची पाटी वाचतं, मालकाला भेटतं (ही तुमची १ टीबी) आणि 'आत अजून कोणीतरी राहतंय' एवढी नोंद करून परत फिरतं. तीच तुम्ही वाचलेली ओळ.

उपाय म्हणजे बायोसमध्ये रेडचं एएचसीआय (डिस्कचा कारभार चालवायची साधी पद्धत, लिनक्सच्या ओळखीची) करायचं. पण थेट करू नका! विंडोज रेडच्या ड्रायव्हरवर उठायला शिकलेलं आहे. एकदम बदललंत तर निळा पडदा दाखवून 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणत बसेल. त्याला सेफ मोडच्या वाटेने न्यायचं.

विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडा. बूटच्या पानावर 'सेफ बूट' आणि त्याखाली 'मिनिमल'वर खूण करा. रीस्टार्ट करताना एफ२ दाबून बायोसमध्ये शिरा, 'साटा ऑपरेशन' किंवा तशाच नावाखाली रेडचं एएचसीआय करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि नवा ड्रायव्हर आपणहून उचलेल. मग तिथूनच एमएसकॉन्फिगमधली खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट. संपलं.

अनिवासी_बंड्या | रविवार, सकाळी १०.४०

थांबा थांबा, त्याच्या आधी एक. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर चालू आहे का ते बघा. चालू असेल तर बायोसमध्ये हात घातल्याबरोबर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. मी इकडे न्यू जर्सीत नवीन मशीनवर सिक्युअर बूट बंद केलं आणि समोर निळा पडदा : की द्या. कुठली की? मी कधी कुलूपच लावलं नव्हतं! विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर ते आपोआप लागतं. की त्याच खात्यात ऑनलाइन जपलेली असते, तिथून मिळाली. पण खात्याचा पासवर्ड आठवेपर्यंत माझा सगळा शनिवार गेला. आधीच कागदावर उतरवून ठेवा. कागदावर, त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर नको.

मालवणी_खाजा | रविवार, सकाळी १०.४४

४८ आकडे कागदावर? आमच्याकडे कुंडलीत पण इतके आकडे नसतत.

पंत_सोलापूरकर | रविवार, सकाळी १०.५२

आणखी एक, छोटंच. सेफ मोडमध्ये मला पिन चालला नव्हता, पूर्ण पासवर्डच मागितला. रोज चार आकडी पिन टाकणाऱ्याला पासवर्ड आठवत नसतो. आधी एकदा पासवर्डने लॉगिन करून खात्री करा.

आणि बॅकअप.

आजोबा_टर्मिनल | रविवार, दुपारी १२.२०

तुम्हा पोरांचं सुख बघून बरं वाटतं. मशीन काय दुखतंय ते चक्क इंग्रजी वाक्यात सांगतंय, वर उपायही देतंय!

आमच्या वेळी लिलो नावाचा बूटलोडर होता. सुरू होताना पडद्यावर एकेक अक्षर यायचं : एल, आय, एल, ओ. चारही आली तर गंगेत घोडं न्हालं. मध्येच थांबला तर किती अक्षरं आली त्यावरून रोग ओळखायचा. माझ्याकडे 'एल आय' येऊन थांबायचा. दोन अक्षरं आणि गप्प. सदाशिव पेठेतला माझा एक मित्र म्हणायचा, "अरे तो 'लि' म्हणतोय, पुढचं 'नक्स' तू म्हण."

तेव्हा मासिकाबरोबर सीडी यायची. घरात डायल-अप, आणि कॉम्प्युटरच्या आत जो मोडेम असायचा तो बहुतेक 'विनमोडेम'. म्हणजे निम्मं काम विंडोजकडून करवून घेणारा, लिनक्समध्ये मुका. त्यामुळे लिनक्समध्ये अडलो की मशीन बंद करा, विंडोजमध्ये जा, इंटरनेटवर उत्तर शोधा, वहीत उतरवा, परत लिनक्समध्ये या. ती वही अजून आहे माझ्याकडे. पुढे उबुंटूवाले फुकट सीडी पोस्टाने घरी पाठवायला लागले, २००५ पासून २०११ पर्यंत. मी दहा मागवल्या होत्या. आठ वाटल्या, एक वापरली, आणि एक आमच्या हिच्याकडे, चहाच्या कपाखाली.

निमूट | रविवार, दुपारी १२.४८

आजोबा, तुम्ही 'लिनक्स' म्हणता की 'लायनक्स'? आमचे सर 'लायनक्स' म्हणायचे आणि दुसरं काही म्हटलं की तोंडी परीक्षेत मार्क कापायचे.

आजोबा_टर्मिनल | रविवार, दुपारी १.१०

ज्याने केलं त्या लिनस टोरवाल्ड्सने स्वतःच्या आवाजात उच्चार सांगणारी फाइल टाकून ठेवली होती नव्वदीतच, आणि तो 'ली' आणि 'लि'च्या मधलं काहीतरी म्हणतो. तुमच्या सरांना ऐकवा. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने पहिल्यांदा जगाला सांगितलं तेव्हा 'नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही' असंच लिहिलं होतं म्हणा. त्यामुळे भाकिताच्या बाबतीत त्याचं ऐकू नका, उच्चाराच्या बाबतीत ऐका.

मालवणी_खाजा | रविवार, दुपारी १.१५

धागो बायोसातसून सदाशिव पेठेत गेलो. आता दुपारी एक ते चार बंद.

हार्डवेअरवाला | रविवार, दुपारी ४.०५

रबराचं मागे घेतो. पण दुकानदाराच्या बाजूनेही ऐका. गिऱ्हाईक येतं, म्हणतं 'लिनक्स टाकून द्या', संध्याकाळी नेतं, आणि आठव्या दिवशी परत येतं : टॅली कुठाय? डिजिटल सहीचं डोंगल चालत नाही, प्रिंटर नुसता कागद ओढतो. मग शिव्या कोणाला? म्हणून मी आता आधी विचारतो, घरात कोणकोण वापरतं. एकटा विद्यार्थी असेल तर खुशाल. घरात जीएसटी भरणारं कोणी असेल तर विंडोज ठेवा म्हणजे ठेवा.

वॉरंटी जाते का, हेही सगळे विचारतात. माझा अनुभव असा की हार्डवेअरच्या वॉरंटीला सहसा कोणी नाट लावत नाही. फक्त कंपनीचा माणूस घरी आला की आधी विंडोज मागतो, कारण त्याची तपासणी तिथूनच चालते. कृष्णाकाठचं मशीन २०२० चं आहे, तर तो प्रश्न बहुधा मिटलेलाच.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०.३०

दिवसभराचा वृत्तांत.

बिटलॉकर बंदच निघालं. पासवर्ड दुसऱ्या खेपेला आठवला (मुलीच्या कुत्र्याचं नाव आणि जन्मसाल, कुत्र्याचं). एमएसकॉन्फिग, रीस्टार्ट, एफ२. बायोसमध्ये तो पर्याय कुठे असेल? 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'च्या पोटात, आठव्या की नवव्या ओळीवर. एएचसीआय केल्यावर त्याने लाल अक्षरांत दम दिला की असं केल्यास तुमचं मशीन सुरू होणार नाही. बायको मागे उभी. मी डोळे मिटून 'येस' केलं.

सेफ मोड आला! चारी कोपऱ्यांत अक्षरं, मोठ्ठे आयकॉन. खूण काढली, पुन्हा सुरू केलं, विंडोज नेहमीसारखं. आणि पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं तर एसएसडी समोर, नावागावासकट, आणि 'विंडोजच्या शेजारी टाका' हा पर्यायही हजर.

आता पुढची अडचण. मिंटसाठी एसएसडीवर जागा करायला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करायला गेलो. ९५ जीबी मोकळे असताना तो म्हणतो, फक्त ९ जीबी काढून देतो.

भटक्या_पेंग्विन | रविवार, रात्री १०.४७

वा! ९ जीबीचं कारण म्हणजे ड्राइव्हच्या मधोमध काही न हलणाऱ्या फायली ठाण मांडून बसल्यात. बैलगाडीत सामान चढवताना मध्ये आजी बसलेली असते तसं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा आणि हायबरनेशन बंद करा ('पॉवरसीएफजी', मग हायफन एच, मग ऑफ). व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद करा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा. रीस्टार्ट, मग लहान करा. झालं की शेवटची दोन परत चालू.

हायबरनेशन मात्र बंदच राहू द्या. त्याच्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप' पण जातं, आणि ते जायलाच हवं. ते चालू असलं की विंडोज बंद करताना खरंखुरं बंद होत नाही, डुलकी काढतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडायला गेलात की ती नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. 'माझे फोटो कॉपी होत नाहीत' असे जे धागे येतात त्यातले अर्धे याचेच.

मिंट टाकताना विंडोजचं जे ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करायच्या फायलींचा कप्पा) आहे, शंभर ते पाचशे एमबीचं, तेच वापरा. त्याच्यापुढच्या 'फॉरमॅट'च्या चौकोनात चुकूनही टिक नको. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन करायची गरज नाही, मिंट स्वतः फाइल करून घेतं.

मोरपंखी | सोमवार, सकाळी ८.५०

डब्ल्यूएसएल टाकलं असतं तर शनिवारी रात्री १२.१५ ला झालं असतं. एवढंच नोंदवतो, भांडत नाही :)

चंपाकळी | सोमवार, सकाळी ९.०२

आणि आम्ही रविवारी काय वाचलं असतं, मोरपंखी?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.२०

६० जीबी मिळाले. मिंट टाकलं, सतरा मिनिटांत 'झालं' म्हणाला, पेनड्राइव्ह काढा म्हणाला. काढला. सुरू केलं. आणि थेट विंडोज! जसं काही घडलंच नाही. तीनदा केलं. निवडायचा तो काळा पडदा येतच नाही. हे आता काय?

भटक्या_पेंग्विन | सोमवार, रात्री ११.२६

घाबरू नका, मिंट आत आहे. बायोसच्या रांगेत अजून 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला आहे. एफ२, बूट सिक्वेन्स, दुसरं नाव वर घ्या.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.३८

दुसरं नाव 'उबुंटू' आहे. मी तर मिंट टाकलं. हे कोण?

भटक्या_पेंग्विन | सोमवार, रात्री ११.४०

तेच ते. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे, बूटच्या नोंदीत अजून माहेरचंच नाव लावतं.

चंपाकळी | सोमवार, रात्री ११.४३

लावू दे की. मीही लावते.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.५५

आलं!!! काळ्या पडद्यावर दोन्ही नावं, वर मिंट, खाली विंडोज. लेकीला झोपेतून उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडून "हं" म्हटलं आणि कूस बदलली.

अनिवासी_बंड्या | मंगळवार, सकाळी ६.१०

अभिनंदन! उद्या विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बघा.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९.४०

बंड्या, तुम्हाला कसं कळलं? साडेनऊला विंडोज उघडलं तर ते म्हणतंय पहाटेचे चार! बोर्डाची बॅटरी गेली का?

हार्डवेअरवाला | मंगळवार, सकाळी ९.५२

बॅटरी आणायला निघाला असाल तर परत फिरा. महिन्यातून एक तरी गिऱ्हाईक यासाठी येतं. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर बॅटरी नाही. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजून वाचतं. बॅटरी गेली असती तर तारीखच मागे गेली असती.

भटक्या_पेंग्विन | मंगळवार, सकाळी १०.०५

दादांना अनुमोदन. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल', जागा, 'सेट-लोकल-आरटीसी', जागा, १. मग एकदा विंडोजमध्ये जाऊन वेळ बरोबर करून घ्या.

निमूट | मंगळवार, दुपारी ३.१५

मिंटमध्ये मराठी टाइप कसं करायचं तेही सांगा ना कुणीतरी. आणि जोडाक्षरं तुटतात का?

आजोबा_टर्मिनल | मंगळवार, दुपारी ४.००

तुटायची, एके काळी फार तुटायची. 'क्ष'चे तीन तुकडे व्हायचे. मग 'लोहित' फॉन्ट खुले झाले, २००४ मध्ये, रेड हॅटने केले. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी पुढे त्यांच्यावर बरंच काम केलं. लोहित म्हणजे लाल, कळलं ना? आता अक्षरं स्वच्छ दिसतात. टायपिंगसाठी आयबस नावाचा प्रोग्रॅम घ्या आणि त्यात मराठी इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक निवडा. मी हा प्रतिसाद तसाच लिहितोय. फक्त जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली असतील तर त्या आधी रूपांतरित कराव्या लागतील. आमच्या सोसायटीचं दहा वर्षांचं इतिवृत्त तसं अडकून पडलं होतं. सभासदांना ते अगम्य दिसतं ही तक्रार मात्र युनिकोड केल्यावरही राहिली.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.१०

घड्याळ लागलं. लेकीने पहिला प्रोग्रॅम चालवला : फोर्क करून आई-मूल दोन प्रोसेस, दोघांचे नंबर छापून आले. तिने विचारलं, "बाबा, आईचा नंबर नेहमी मुलाच्या आधीचा का?" मला उत्तर आलं नाही, तिने स्वतःच शोधलं. डीलरही काल रस्त्यात भेटला. म्हणाला, "धागा वाचला. ते रेडचं मला पण माहीत नव्हतं." म्हणजे नाव न घेण्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढे कोणी इथे आलं तर मूळ प्रश्नाचं उत्तर : एसएसडी कुठेही गेली नव्हती. आणि 'डिस्क पुसून टाका' केलं असतं तर बारसं पुसलं गेलं असतं.

पंत_सोलापूरकर | बुधवार, रात्री ९.१४

अभिनंदन काका, लेकीचंही. बॅकअप घेतला का?

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.२०

घेणार आहे. रविवारी.

पंत_सोलापूरकर | बुधवार, रात्री ९.२१

कुठल्या रविवारी?